बांधावरचा वाटा

खाजनात खारं पाणी शिरलं की गावात चौकशी सुरू होते. बांधाला खांड कुठे पडली, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार कुणी सैल ठेवलं, कुर्ल्यांनी पाडलेली बिळं बुजवायचं काम कुणाकडे होतं, हे दोन दिवसांत सगळ्यांना कळतं. दोष ठरतो, भरपाई ठरते. दोन्ही नाही ठरलं तर पुढे वर्षानुवर्षं चालणारं भांडण तरी ठरतं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात भात पिकवणाऱ्या गोमंतकीयांची नीती अशी डोळ्यांसमोरच्या पाण्यावर घडली आहे. नुकसान दिसतं, ते करणारा दिसतो, आणि दोघे एकाच गावात राहतात.

हवामानबदलाच्या बाबतीत यातलं काहीच लागू पडत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि शेवटच्या वर्षांत ती पूर्वीपेक्षा वेगाने वाढत होती. शापोरा नदीच्या मुखातून आत येणाऱ्या भरतीतलं किती पाणी कुणाच्या नावावर लिहायचं? मँचेस्टरच्या गिरण्यांच्या, डेट्रॉइटच्या मोटारींच्या, की मोपा विमानतळावर आज दुपारी उतरलेल्या विमानाच्या? आणि ज्याच्या शेतात ते शिरणार तो अजून जन्मलाही नसेल, तर तक्रार घेऊन यायचं कुणी?

हा प्रश्न एकाच बाजूने मांडला की खोटा होतो, असं मला वाटतं. म्हणून इथे दोघांना बोलू दिलं आहे. मामा आणि भाचा माझ्या कल्पनेतले आहेत; त्यांचा वाद मात्र पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या मातीतला आहे. मामा पार्सेतले, निवृत्त शिक्षक, शापोऱ्याकाठच्या खाजनात थोडा वाटा आणि वर मोरडावर काजूची चार झाडं असलेले. भाचा डिचोली तालुक्यातला. त्याच्या बापाचा खनिज वाहणारा ट्रक होता. तो स्वतः आता मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो आणि भाडं नसलं की मामाकडे उतरतो.

भाचा : मामा, सरळ सांग. मी टॅक्सी सोडावी असं तुझं म्हणणं आहे का?

मामा : तसं मी कधी म्हटलं? एवढंच विचारलं की त्या धुराचा विचार तुझ्या मनात येतो का.

भाचा : धूर माझा कसा? मागे बसलेला माणूस दिल्लीहून आलाय, त्याला मांद्र्याला जायचंय. मी नेलं नाही तर माझ्या मागे रांगेत उभा असलेला नेईल. हवेत जाणारा धूर तेवढाच राहील, फक्त माझ्या घरात पैसे येणार नाहीत. मग माझ्या सोडण्याने जगाचं भलं काय झालं?

मामा : हिशेब तर करून बघ. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दिवसाला दहा लिटर धर, वर्षाचे तीनशे दिवस धर. आठ टन झाले. भारतातल्या सरासरी माणसाच्या नावावर वर्षाला दोन टन पडतात. तू चौघांएवढा झालास.

भाचा : आणि अमेरिकेतल्या सरासरी माणसाच्या नावावर? चौदा टन, पंधरा टन. तेही टॅक्सी न चालवता, घरी बसून. आजवर माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आपल्या देशाचा तीन-चार टक्के, आणि माणसं आपल्याकडे जगाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त. माझे आठ टन तू मोजलेस ते बरं केलंस. पण मोजणी कुणापासून सुरू करायची हेही नीतीतच येतं ना?

भाच्याच्या या प्रश्नाला मोठी परंपरा आहे. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटमधल्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. त्या आधीच्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या एका संस्थेने देशांची यादी करून भारत-चीनलाही मोठ्या गुन्हेगारांत बसवलं होतं. अगरवाल-नारायण यांनी विचारलं की गरिबाच्या भातखाचरातून निघणारा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसा घालता? जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं आणि चैनीचं वेगळं, हा भेद तिथून जगभर गेला. १९९२ च्या रिओ परिषदेत सर्वांची जबाबदारी समाईक पण वेगवेगळ्या मापाची, हे तत्त्व करारात आलं. ते आपल्याच देशाने लावून धरलं होतं, याचा मला अभिमान वाटतो. पण मामांना त्यात एक पळवाट दिसते.

मामा : तुझा मुद्दा मी वर्गात शिकवला असता. पण दोन टनांची ती सरासरी कुणामुळे इतकी खाली आहे? बिहारमधल्या बाईमुळे, जी अजून लाकडाच्या चुलीवर भाकरी भाजते. झारखंडच्या पोरामुळे, जो इथे मोरजीला बंगल्याच्या स्लॅबवर उन्हात काम करतो आणि पत्र्याच्या खोलीत झोपतो. गोव्याचं दरडोई उत्पन्न बिहारच्या कितीतरी पट आहे. आपण गोंयकार जगासमोर भारतीय म्हणून गरीब होतो आणि घरी आल्यावर गाडी, एसी, फ्रीज सगळं चालू करतो. न्याय मागायचा तर त्या पोराच्या नावाने मागूया, पण मग त्याला आपल्याकडेही मागू दे.

भाचा : हे मात्र खरं आहे. पण मग तुझ्या डोक्यावरचा पंखा कुठून फिरतो तेही बोल. गोव्यात मोठं वीजकेंद्र एकही नाही. आपली बरीचशी वीज येते छत्तीसगडच्या कोरब्याहून, मध्य प्रदेशातल्या विंध्याचलहून, कोळसा जाळून. राख पडते त्यांच्या अंगणात आणि उजेड पडतो पार्सेत. आता छत्तीसगडच्याच तमनारहून नवीन लाइन आणताहेत. २०२० मध्ये त्या लाइनच्या वाटेवरच्या मोलेच्या जंगलासाठी आमच्या वयाची पोरं रस्त्यावर आली, मेणबत्त्या लावल्या, चित्रं काढली. चांगलं केलं त्यांनी. पण त्यातल्या किती जणांनी तमनारच्या माणसांबद्दल विचारलं, की बाबा, आमचं जंगल वाचलं तर वीज दुसऱ्या वाटेने येईल, तुमची खाण मात्र तुमच्याकडेच राहील?

मामा : काही जणांनी विचारलं. पुरेशांनी नाही.

भाचा : आणि तू?

मामा : मीही वीज गेली की पहिला फोन खात्यालाच करतो. कोरब्याची आठवण मला येत नाही.

इथे थोडं थांबतो. तत्त्वज्ञांनी या अडचणीवर बरंच लिहिलं आहे आणि ते कोरडं नाही. २००५ मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांनी प्रश्न मांडला, की छान ऊन पडलेल्या रविवारी केवळ मजेखातर जास्त पेट्रोल पिणारी गाडी फिरवली तर ते नैतिकदृष्ट्या चूक आहे का? त्यांनी एकेक तत्त्व तपासलं आणि व्यक्तीला दोषी ठरवणारं एकही टिकत नाही असं म्हटलं. कर्तव्य सरकारांचं आहे, असा त्यांचा कल होता. भाच्याने रांगेतल्या पुढच्या टॅक्सीचं उदाहरण देऊन नेमकं तेच मांडलं. उलट डेरेक पारफिट या इंग्लिश तत्त्ववेत्त्याने १९८४ मध्येच दाखवलं होतं, की हजार माणसांनी प्रत्येकी जाणवणार नाही एवढीच वेदना वाढवली तरी शेवटी एक माणूस असह्य वेदनेने तडफडतो. माझं एकट्याचं काहीच नाही, हे प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं आणि तरी सगळे मिळून छळ करत असतात. मला पारफिट पटतात. पण भाच्याची अडचण निराळी आहे. नीतीचं बिल येतं तेव्हा ते कुणाच्या हातात ठेवतात, हे त्याने घरात पाहिलं आहे.

भाचा : मामा, २०१२ आठवतं? सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. त्याआधी गोव्यातून वर्षाला सुमारे पाच कोटी टन खनिज बाहेर जात होतं. चीनला, जपानला. आमच्या डिचोलीच्या रस्त्यावर दिवसभर ट्रकामागे ट्रक. लाल धूळ ताटात पडायची. शिरगावच्या विहिरी आटल्या, शेतात चिखल भरला. हे सगळं चूक होतं, मी नाही म्हणत नाही. बाबाही म्हणत नव्हते. पण बंदी आली तेव्हा काय झालं? शहा आयोगाने सांगितलं की बेकायदा खाणकामाने सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचं नुकसान झालं. त्यातलं खाणमालकांकडून किती वसूल झालं, बघ. आमच्या ट्रकाचा हप्ता मात्र बँकेने महिन्याच्या महिन्याला मागितला.

मामा : पुढे योजना आली होती.

भाचा : आली. २०१४ मध्ये कर्जसवलतीची योजना आली, ट्रकवाल्यांना मदतही दिली. तोवर बाबांनी आईच्या पाटल्या मोडल्या होत्या आणि ट्रक घरामागे गंजत होता. तुम्ही शिकलेली माणसं पर्यावरणाचा न्याय, पुढच्या पिढ्यांचा न्याय म्हणता तेव्हा मला तो ट्रक दिसतो. पैसे ज्यांनी केले ते सुटले. न्याय झाला तो ड्रायव्हरच्या घरात.

मामा : त्या निकालात चांगलंही होतं. २१ एप्रिल २०१४ चा निकाल मी वाचला आहे. कोर्टाने खाणकामाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीतली दहा टक्के रक्कम कायमच्या निधीत ठेवायला सांगितली, पुढच्या पिढ्यांसाठी. गोवा फाउंडेशन या संस्थेने लढून मिळवलेलं आहे ते. जमिनीखालचं खनिज ही कुठल्या एका पिढीची मिळकत नव्हे. ते विकलं तर त्याची किंमत जपून ठेवायची आणि आपण फक्त व्याज खायचं, असं ‘गोंयची माती’ चळवळीतले लोक मांडतात. यापेक्षा सरळ नीती मला ठाऊक नाही. हवा ही तशीच मिळकत आहे. कारखाने सुरू होण्याआधी तिच्यात दहा लाखांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज ४२० च्या वर आहे. आपण व्याज नव्हे, मुद्दल खातोय.

भाचा : मुद्दल कुणी खाल्लं ते आधी सांगितलं मी.

मामा : खाणारे पुष्कळ आणि खाल्लेलं कमी-जास्त, ते मान्य. मी विचारतोय ते उरलेल्याबद्दल.

भाचा : पुढच्या पिढीला माझं देणं आहे असं तू म्हणतोस. कुठली पिढी? माझी पोर दोन वर्षांची आहे. तिच्यासाठी मी आज टॅक्सी चालवतो, तिची फी भरायची म्हणून. तू ज्यांच्याबद्दल बोलतोस त्यांना नावं नाहीत, तोंडं नाहीत. जो जन्मलाच नाही त्याचं माझ्यावर कर्ज कसं?

मामा : खाजनाचा बांध कुणी घातला त्यांची नावं तुला ठाऊक आहेत?

भाचा : ते वाक्य मला पाठ आहे. त्यांनी आपल्यासाठी घातला, आता आपण पुढच्यांसाठी घालायचा. पण मामा, त्यांनी बांध आपल्यासाठी घातला नव्हता. त्यांना स्वतःला भात हवं होतं. पोटासाठी घातला आणि आपल्याला तो आयता मिळाला. त्यांना त्यासाठी काही सोडावं लागलं नाही.

मामा पटकन उत्तर देत नाहीत, आणि मलाही इथे पटकन उत्तर सापडत नाही. भाच्याचा टोला योग्य जागी बसला आहे. आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाच्या गोष्टी सांगताना आपण विसरतो की त्यांचं हित आणि आपलं हित एकाच दिशेला होतं. मातीचा बांध, त्यात लाकडी मानस, भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी तिची दारं, आतल्या पोयीत मासळी, वर कोरगूट भात, जे थोडं खारेपण सोसतं. या साऱ्यातून ज्याने घाम गाळला त्यालाच त्या वर्षी धान्य मिळत होतं. आपली वेळ निराळी आहे. आज आपल्याला सोयीचं जे आहे, तेच उद्याच्यांना बाधणार आहे. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा एक भाग हजारो वर्षं तिथेच राहतो. तेव्हा ही जुनी कहाणी सांगून आपल्याला सुटता येत नाही. नवी नीती उभी करावी लागेल आणि तिची झीज आपल्याला सोसावी लागेल.

मामा : बरं. पुढचे राहू देत. आज जिवंत असलेल्यांचं बोलूया. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये तिळारी धरणाचं पाणी आणि पाऊस एकत्र आले. इब्रामपूर, हणखणे, तुमच्या तालुक्यातलं साळ, सगळीकडे घरांत पाणी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा माझी काजूची दोन झाडं मुळासकट गेली. अरबी समुद्रातली वादळं वाढताहेत, जास्त जोर धरताहेत, हे शास्त्रज्ञ आता ठामपणे सांगतात. आगरवाड्याच्या मिठागरात जा. मीठ पिकायचे दिवस उन्हाळ्याचे. त्यात अवकाळी पाऊस पडला की कष्ट पाण्यात विरघळून जातात. मिठागरात राबणाऱ्याच्या नावावर किती टन असतील, सांग? तो ना विमानात बसला, ना त्याच्याकडे एसी. माझ्यापुरता हा प्रश्न इथून सुरू होतो. सगळ्यात कमी ज्याने केलं, त्याला सगळ्यात आधी भरावं लागतंय.

भाचा : त्याच्यासाठी मी भांडायला तयार आहे. पण भांडायचं कुणाशी? माझ्याशी भांडून त्याचं मीठ वाचणार नाही.

मामा : मोपाशी भांडलो होतो आम्ही.

भाचा : आणि हरलात.

हरले असं सरसकट म्हणता येणार नाही. २९ मार्च २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने मोपाच्या विमानतळाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती. पठारावरची जंगलं आणि आसपासची संवेदनशील क्षेत्रं अर्जात नीट सांगितलीच नव्हती, तज्ज्ञ समितीने ती पाहिलीच नव्हती, असं न्यायालयाला आढळलं. पन्नास हजारांहून जास्त झाडांचा प्रश्न होता. पुन्हा तपासणी झाली, अटी वाढल्या, कंत्राटदार कंपनीने शून्य कार्बनचा कार्यक्रम राबवू असं सांगितलं आणि १६ जानेवारी २०२० ला स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. आता एक गोष्ट मला सतत बोचते. इमारतीच्या दिव्यांना सौर वीज मिळाली, झाडं लावली, हे सारं चांगलंच. पण लोक या ठिकाणी येतात ते दिवे बघायला नव्हे. दिल्लीहून गोव्याला येणाऱ्या एका प्रवाशामागे एका फेरीत शंभर किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. परदेशातून येणाऱ्या उड्डाणांचा धूर तर बहुतेक देशांच्या उद्दिष्टांत धरला जात नाही, तो वेगळा नोंदवून बाजूला ठेवतात. जगातला बहुसंख्य माणूस कुठल्याही एका वर्षात विमानात पाऊलही ठेवत नाही. ज्या धुराचं ओझं सर्वांवर पडतं आणि हिशेब जवळजवळ कुणाच्याच वहीत लिहिला जात नाही, त्याच्यापासूनच मोजणी सुरू करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाचा : म्हणजे चार्टरवाल्यापासून.

मामा : त्याच्यापासून. आणि आठवड्याला येणाऱ्या, तीन दिवस राहणाऱ्या, डोंगर कापून बांधलेला बंगला वर्षातून दहा महिने बंद ठेवणाऱ्यापासून. खाजनाची रीत बघ. बांधाला खांड पडली की कुणाच्या कुर्लीने बीळ पाडलं हे विचारत बसलो तर पुढची भरती आतच येईल. आधी सगळे बांधावर जातात. पण सगळे सारखा वाटा देत नाहीत. ज्याचं शेत मोठं, त्याचा वाटा मोठा. ज्याचं शेतच नाही, त्याला मजुरी द्यायची, त्याच्याकडून फुकट काम घ्यायचं नाही. दोष कुणाचा हे नंतर भांडू. वाटा कुणाचा किती, हे मात्र आधीच ठरलेलं असतं.

भाचा : छान रीत आहे. पण ती चालते का सांगू? सगळ्यांची शेतं एकाच बांधाच्या आत असतात म्हणून. बांध फुटला तर मोठ्या शेतवाल्याचंही भात जातं. मग तो आपसूक येतो. न्यूयॉर्कवाल्याचं शेत तुझ्या बांधाच्या आत नाही. त्याने यावं का?

मामा : त्याचंही आत आहे. फक्त उंचावर आहे, म्हणून पाणी त्याला उशिरा लागणार.

भाचा : तोवर तो आपल्याकडे बघणार नाही. आणि बघायला लावणारं कुणी नाही.

मामा : अगदीच नाही असं नाही. वानुआतू नावाचं प्रशांत महासागरातलं एक छोटं राष्ट्र आहे. तिथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या पोरांनी २०१९ मध्ये ठरवलं की आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं, हवामानाबद्दल देशांची कायदेशीर कर्तव्यं काय आहेत? लोक हसले असतील. जुलै २०२५ मध्ये हेगच्या त्या न्यायालयाने मत दिलं की कर्तव्यं आहेत, आणि ती मोडली तर भरपाईचाही प्रश्न येतो. त्याआधी २०२४ च्या मार्चमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा राज्यघटनेच्या १४ आणि २१ या कलमांतला हक्क आहे. २०२२ मध्ये नुकसानभरपाईच्या निधीचं ठरलं, शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत.

भाचा : निधीत पैसे किती पडले ते नको विचारू. तुमच्या कायमच्या निधीसारखंच. मामा, मी तुझ्या विरुद्ध नाही. पण निकालावर, निधीवर विश्वास ठेवायला तू मला लावू शकत नाहीस. मी निकालाच्या खाली चिरडलेल्या घरातला आहे.

मामा : मग तुझा विश्वास कशावर बसेल?

भाचा : क्रमावर. आधी चार्टर, मग आठवड्याला येणारे, मग तुझ्यासारखे पेन्शनवाले, मग मी, आणि मिठागरातला शेवटी, किंवा कधीच नाही. या क्रमाने आलात तर मी बांधावर येतो. माझी डिझेल गाडी विकून बॅटरीवरची घेतो. पण माझी पाळी आली की मला आधी सांगायचं, आणि माझ्या नव्या गाडीचा हप्ता एकट्या माझ्या डोक्यावर ठेवायचा नाही. २०१२ पुन्हा नको.

मामा : क्रम मान्य आहे. पण एक अडचण आहे. आधी चार्टर म्हणालास. चार्टर कमी झाली, दिल्लीवाले कमी झाले, तर तुझी भाडी कमी होतील. तुझी पाळी चौथी असली तरी मार तुला पहिल्याच दिवशी बसेल.

भाचा : ते मला ठाऊक आहे. म्हणून तर हप्त्याचं आधी बोलतोय.

भाच्याचं हे बोलणं मला साऱ्या संवादातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हवामानाच्या नीतीवर बोलताना आपण त्याग कुणी करावा याची यादी करतो आणि धक्का कुणाला बसेल ही यादी करतच नाही. या दोन याद्या क्वचितच जुळतात. विमानाचं तिकीट महाग झालं तर प्रवासी समुद्रकिनारा बदलेल. टॅक्सीवाल्याला गाव बदलता येत नाही. डिचोलीच्या ट्रकवाल्यांना मदत मिळाली ती खाणी बंद झाल्यानंतर, घरातलं सोनं गेल्यावर. ती योजना आधी असती, खाणमालकांच्या नफ्यातून दरवर्षी थोडी रक्कम तिच्यासाठी बाजूला काढलेली असती, तर खाणबंदीच्या नीतीला डिचोलीत इतके शत्रू झाले नसते. भाचा सोसायला तयार आहे; त्याला एकट्याने सोसायचं नाही एवढंच त्याचं मागणं आहे. मामांची चूक, असलीच तर, ही की ते कर्तव्य सांगताना किंमत सांगायला विसरतात. भाच्याची चूक ही की आपली पाळी चौथी म्हणून तो आज स्वस्थ बसू पाहतो, आणि बांधाला पडलेली खांड पाळीची वाट बघत नाही.

मामा : येत्या ग्रामसभेत मी मुद्दा मांडणार आहे. २०२३ मध्ये तालुक्याच्या झोनिंगचा मसुदा लोक एकत्र आले म्हणून मागे घ्यावा लागला. म्हणजे तोंड उघडलं तर ऐकू जातं. मी म्हणणार आहे की गावच्या हद्दीत डोंगरकापणीला ना हरकत देताना खालच्या शेतात पाणी किती उतरेल ते आधी लिहून घ्या. आणि खाजनाच्या बांधाची दुरुस्ती पंचायतीने सरकारकडे लेखी मागावी, एका पावसापुरती नव्हे, पुढची भरती किती उंच येणार ते धरून.

भाचा : बंगलेवाल्याकडून बांधासाठी वाटा घ्या, हेही घाल.

मामा : पंचायतीला तसा कर लावता येईल का, ते विचारावं लागेल.

भाचा : विचार. आणि माझा मुद्दा?

मामा : तुझा कुठला? तुझं मत डिचोलीत आहे.

भाचा : माझ्या मुद्द्याला मत लागत नाही, मांडणारा लागतो. तालुक्यातल्या टॅक्सीवाल्यांना बॅटरीच्या गाड्यांसाठी बिनव्याजी कर्ज, आणि धंदा बसला तर हप्त्याला दोन वर्षांची सूट. ती सूट आधी कागदावर यायला हवी. माझा मुद्दा तुझ्या दोन मुद्द्यांच्या खाली नको, बरोबरीने लिही.

मामा : तिन्ही एका ठरावात घातले तर लोक म्हणतील, पर्यावरणाच्या नावाखाली भाच्याची गाडी सोडवतोय.

भाचा : म्हणू देत. वेगळे ठराव केलेस तर तुझे दोन मंजूर होतील आणि माझा पुढच्या सभेला ढकलतील. एकच ठराव कर, नाहीतर मी रविवारी मोपावरच्या चार पोरांना घेऊन येईन आणि आम्ही तुझ्या विरोधात बोलू.

मामा : पेन आण.